आईची जीभ, माझा उजवा डोळा

माझ्या डोळ्यात किडा होता. खरोखरचा, जिवंत, हलणारा. हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलं आणि इतक्यांनी दात काढून माझ्याकडे पाहिलं, की आता लिहूनच टाकतोय. उद्या कुणा फौजीच्या डोळ्यात असंच काही वळवळलं, तर आपण वेडे झालेलो नाही एवढं तरी त्याला कळावं. बाकी शहाणपण शिकवायची मला हौस नाही. शहाणे मी भरपूर पाहिले. हे लिहायची वेळ त्यांच्यामुळेच आली.

मी सैन्यात हवालदार आहे. गाव बुलढाण्याहून धाड या बाजाराच्या गावाला जाताना फाट्यावरून आत. घरी आई आणि बायको, वर्षा. पलटणीत माझं काम नव्या जवानांना नेम धरायला शिकवण्याचं. नेम धरायचा तो उजव्या डोळ्याने. तो डोळा गेला की माझ्याजवळ शिकवायला काही उरत नाही, आणि नायब सुभेदारीच्या रांगेतूनही मी बाहेर. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मी एवढा का चिडतो ते पुढे विचारावं लागणार नाही.

कॅप्सूल परेड

आमची पलटण शांतता मोहिमेवर मध्य आफ्रिकेत गेली होती. कॅम्प जंगलाला लागून, खाली नदी. तिथे मलेरिया फार, म्हणून रोज नाश्ता झाला की रांग लागायची. तळहातावर कॅप्सूल, समोर सुभेदार साहेब. गिळायची, तोंड उघडून दाखवायचं, पुढे सरकायचं. अँटिबायोटिक होतं ते, आम्ही नुसतं डॉक्सी म्हणायचो. तिने उन्हात कातडी भाजायची, छातीत जळजळायचं. मी एकही चुकवली नाही. हे मी पुढे पलटणीत सांगितलं, तेव्हा कुणाचाच विश्वास बसला नाही.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं की ही मलेरियासाठी आहे. पण आपल्या माणसांना एवढ्याशा कामाची गोळी पटत नाही. थोड्याच दिवसांत ती सगळ्याची गोळी झाली. सुभेदार साहेब रांगेत म्हणायचे, "रक्तात अँटिबायोटिक आहे तुमच्या. चावली तर माशी मरेल, तुम्ही नाही." रांग हसायची. मीही हसायचो. मग दुपारी बाह्या वर करून, नाहीतर बनियनवरच, आम्ही नदीवर. तिथे आपल्याकडे बैलांना चावते त्या गोमाशीच्या जातीची एक माशी होती. दिवसाढवळ्या चावायची, रक्त काढायची. चापट मारायची आणि विसरून जायचं, एवढाच आमचा तिच्याशी संबंध.

परत येताना प्रत्येकाच्या ट्रंकेत उरलेल्या कॅप्सूल होत्या. घसा दुखला, डॉक्सी. गळू झालं, डॉक्सी. आमच्या पलटणीत त्या कॅप्सूलचा अंगारा झाला होता, फक्त कपाळाला लावायचा तेवढा बाकी होता.

वर्षाने पाहिलं

परत आल्यावर बराच काळ काहीच झालं नाही. मग अधूनमधून मनगट सुजायला लागलं. आपोआप चढायचं, आपोआप उतरायचं. सुट्टीवर गावी आलो तर तिथे निदान करणाऱ्यांची वाण नव्हती. कुणी म्हणालं वात, कुणी म्हणालं युरिक ॲसिड, चुलत्याने तर थेट करणी काढली. बरं, यातल्या एकानेही ते मनगट हातात धरून पाहिलं नव्हतं.

हरभरा काढणीचे दिवस होते. संध्याकाळी वर्षा चुलीवर भाकरी करत होती आणि मी समोर बसलो होतो. डोळ्यात खुपलं म्हणून मी चोळायला हात नेला, तर तिने पिठाच्या हाताने मनगट धरलं.

"अहो, हालू नका."

"काऊन?"

"तुमच्या डोयात काईतरी चालून राह्यलं."

आरसा आणला. पांढऱ्या भागात, बुबुळाच्या कडेने, दोऱ्यासारखं काहीतरी वळत पुढे सरकत होतं. फार दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं. मी गोळीबारात सापडलेला माणूस आहे, पण त्या वेळी जशी माझी बोटं गार पडली तशी कधी पडली नव्हती. तिकडे शत्रू समोर तरी असायचा. हा माझ्या कातडीच्या आत होता आणि माझ्याच डोळ्याने मी त्याला बघत होतो. मी घाबरलो. लाजायचं काय त्यात.

वर्षाने मोबाईलवर व्हिडिओ काढला. त्यात माझं नाक आलं, कान आला, आणि तिचा "देवा रे, देवा रे" एवढाच आवाज आला. किडा तेवढा आला नाही. तो व्हिडिओ चुलतभावाने कौतुकाने गावाच्या ग्रुपवर टाकला. सकाळपर्यंत माझ्या नाकाचा 'आफ्रिकेचा जंतू' झाला होता. डेअरीवाला आमची कॅन फडक्याने धरायला लागला. धाडच्या बाजारात न्हाव्याने मला पाहून ब्लेड संपल्याचं सांगितलं, तेही दुसऱ्याची दाढी करता करता.

शिकलेले लोक

बुलढाण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. हनुवटी मशिनवर टेकवली, उजेड मारला. किडा अर्थातच तेव्हा हजर नव्हता. डॉक्टर म्हणाले, ॲलर्जी.

"डॉक्टरसायेब, म्या सोता पाह्यला," वर्षा म्हणाली.

"ताई, बाजारात डोळ्यातून किडे काढून दाखवणाऱ्या बायका येतात ना? त्याही दाखवतात. कापसाचे धागे असतात ते."

मी आफ्रिकेचं सांगितलं. माशीचंही सांगितलं.

"तिथे औषध चालू होतं ना?"

"रोज. डॉक्सी."

"मग झालं तर. रोज अँटिबायोटिक घेणाऱ्याला असलं काही होत नसतं."

आमचे सुभेदार साहेब दहावी नापास. या डॉक्टरांच्या भिंतीवर पदव्यांच्या चौकटी. वाक्य मात्र एकच. परतीच्या बसमध्ये वर्षा खिडकीकडे तोंड करून बसली. तिला कापसाचा धागा म्हटलेलं लागलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर शिव्याच निघाल्या असत्या आणि बसमध्ये धाडच्या शाळेतल्या पोरी होत्या.

पलटणीत फोन केला. पहिला प्रश्न आला, "गोळ्या चुकवल्या होत्या का?" नाही म्हटलं. तिकडून हसू आलं, आणि सुट्टी संपल्यावर दाखव असं सांगून फोन बंद झाला.

आई

आता जे सांगायचं ते मला जड जातं, म्हणून सरळ सांगतो.

आमच्याकडे थ्रेशर चालू झाला की भुसा डोळ्यात जातो. कुणाच्या गेला की तो आईकडे येतो. ती चूळ भरते, पापणी दोन बोटांनी उघडते आणि जिभेच्या टोकाने डोळा पुसून घेते. कण निघतो. माझ्या लहानपणापासून मी हे पाहतोय. सोयाबीनच्या दिवसांत मजूर बायका रांगेने तिच्यापुढे बसतात आणि ती कुणाकडून सुपारीचं खांडही घेत नाही. आई तंबाखूचं मंजन लावते, तिची एक दाढ कित्येक दिवसांपासून किडलेली आहे. हे माझ्या तेव्हा डोक्यातही आलं नाही.

बुलढाण्याहून आल्यावर दोन-चार दिवसांनी संध्याकाळी पुन्हा किडा वर आला. वर्षाने हाक मारली तशी आई अंगणातून आली.

"बस खाली. मान वर कर."

"माय, हा कचरा नाही. जिता किडा हाये."

"जिता असो का मेला. डोक्टरनं मशीन लावून पाह्यलं, त्याले दिसला का? मले दिसून राह्यला. बस."

मी का बसलो? कारण तोवर एवढ्या मोठ्या जगात, वर्षा सोडली तर, माझ्यासाठी कुणी जागचं हललं नव्हतं, आणि ती निदान उठून आली होती.

तिने जीभ फिरवली. एकदा, दोनदा, जोर लावून. किडा खोल गेला आणि दिसेनासा झाला. आईने तळहातावर थुंकून पाहिलं तर पांढरट चिकट तार होती. डोळ्यातली घाण होती ती, दुसरं काही नाही. पण शेजारपाजारच्या बाया तोवर जमल्या होत्या.

"पाह्य वं, निंगाला," आई म्हणाली. "अर्धा निंगाला. अर्धा तुटून आत गेला असन."

ती घामाघूम झाली होती आणि हसत होती. एवढं खूश मी तिला फार दिवसांनी पाहिलं.

आणि मी काय केलं? ट्रंक उघडली, उरलेल्या डॉक्सीतली एक गिळली. थुंकी लागली आहे, काही झालं तर कॅप्सूल बघून घेईल. दुसऱ्या दिवशी डोळा लालभडक झाला. अजून एक गिळली. मग उजेड सहन होईना, डोळ्यातून पाणी थांबेना, डोक्याची उजवी बाजू ठणकायला लागली. वर्षा दवाखान्यात चला म्हणून मागे लागली आणि मी तिला सांगत राहिलो की अँटिबायोटिक चालू आहे, थोडा दम धर. आईला अडाणी म्हणणारा मी. तिचा भरवसा जिभेवर, माझा कॅप्सूलवर, आणि उशीर माझ्या भरवशाने झाला. वर्षाने एका सकाळी पापणी उघडून पाहिलं आणि ती पिशवी भरायला लागली. बुबुळावर पांढरा ठिपका आला होता.

मेजर मॅडम

लष्करी इस्पितळात डोळ्यांच्या सर्जन एक मेजर मॅडम होत्या. बुटक्या, कपाळाला कायम आठ्या. त्यांनी डोळा पाहिला, आफ्रिका ऐकली, मनगट हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाल्या, "किडा आहे. असतो असा. त्या माशीतूनच येतो. ही मनगटाची सूजही त्याचीच."

मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी मला गोळ्या चुकवल्या का असं विचारलं नव्हतं. मीच म्हणालो, "मॅडम, मी रोज डॉक्सी घेत होतो."

"मलेरियासाठी घेत होता, मलेरिया झाला नाही. काही जातीच्या किड्यांच्या पोटात जंतू असतात, त्यांच्यावर तिचा थोडाफार परिणाम होतो. याच्या पोटात ते नसतात. याला तुमच्या कॅप्सूलशी काही देणंघेणं नाही." मग त्या पुढे वाकल्या. "पण हा किडा तुमची नजर घालवत नाही. येतो, फिरतो, जातो. बुबुळावर जी जखम आहे ती त्याची नाही. काय घातलंत डोळ्यात?"

वर्षाने माझ्याकडे पाहिलं.

"बाजारातली एक बाई होती," मी म्हणालो. "जिभेने काढते म्हणाली."

मॅडमचा चेहरा असा झाला की मी खाली पाहिलं. "जीभ? उघड्या डोळ्यावर? त्या बाईला तुरुंगात टाकायला पाहिजे. कुठला बाजार? मी तुमच्या जिल्ह्यात कळवते." पुढे रोज फेरीला आल्या की त्या बाईचा उद्धार व्हायचा. कसाई म्हणाल्या, चेटकीण म्हणाल्या. मी बाजाराचं नाव रोज विसरायचो. संध्याकाळी वर्षा हळूच विचारायची, "मायले सांगू का?" मी म्हणायचो, "नको." अख्ख्या जगाला तोंडावर बोलणारा माणूस मी, तिथे माझी हिंमत झाली नाही.

वॉर्ड

दर तासाला थेंब, दिवसा आणि रात्रीही. ते थेंब झोंबायचे की दात आवळून घ्यावे लागायचे. झोप लागली की सिस्टर कपाळाला बोट लावून उठवायच्या. त्यांनी एकदाही "उठा" असं ओरडून म्हटलं नाही, नुसतं बोट लावायच्या. आजारपणात माणसाला काय लक्षात राहील सांगता येत नाही. मला ते बोट लक्षात राहिलं आहे.

शेजारच्या कॉटवर मोतीबिंदूचे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांचं ठाम मत होतं की मी सुट्टी वाढवायला हे सोंग केलंय. मॅडमनी सांगितलं होतं की किडा वर आला की लगेच कळवायचं, तो दिसत असतानाच काढता येतो. म्हणून उबेने तो वर यावा यासाठी मी गरम शेक घेत बसायचो आणि वर्षा डोळ्यावर नजर ठेवायची. भेटीची वेळ संपली की तिला बाहेर काढायचे. मग मी सुभेदारांना विनंती करायचो. ते पट्टी न बांधलेल्या डोळ्याने माझ्या डोळ्यात बघायचे आणि म्हणायचे, "काही नाही रे. नाटकं."

आणि किडा नेमका त्यांनाच दिसला. "अरे, आहे की. सिस्टर, पळा," असं ते असे काही ओरडले की अख्खा वॉर्ड उठून बसला.

भूल म्हणजे नुसते थेंब. डोळा उघडा, वर दिवा, चिमटा येताना दिसतो. "डावीकडे बघा, हलू नका," मॅडम म्हणत होत्या. नव्या जवानांना मी रोज हेच सांगतो, श्वास धरा, हलू नका. तेव्हा कळलं की सांगणं किती सोपं असतं. ओढ बसली, आणि मग काहीच नाही. बाटलीत दाखवला तेव्हा बोटभर लांबीचा पांढरा धागा होता, अंगाला आळोखेपिळोखे देणारा. अखंड होता. तुटलेला बिटलेला नव्हता. एवढ्याशा फालतू जिवापायी मी गावच्या चेष्टेचा विषय झालो होतो.

शरीरात आणखी असतील म्हणून रक्त तपासलं, औषध अगदी थोडं थोडं करून वाढवलं, एकदम दिलं तर धोका असतो म्हणाले. ते सगळं निभावलं. किड्याच्या बाबतीत मी आता बरा आहे.

डोळ्याच्या बाबतीत नाही. जखम भरली, पण बुबुळाच्या बरोबर मधोमध फूल पडलं, पांढरा डाग. तक्त्यासमोर डावा डोळा झाकून उभं केलं तर सगळ्यात वरचं मोठं अक्षर दिसलं, त्याखाली धुकं. मॅडम आठ्या न घालता म्हणाल्या, "पुढे बुबुळ बदलता येईल, पण फायरिंग विसरा." वैद्यकीय बोर्डाने कमी श्रेणी दिली. नेम शिकवायचं काम माझ्याच हाताखाली तयार झालेल्या नायकाकडे गेलं. आता मी स्टोअरला असतो, तंबू आणि दोरखंड बघतो. माझी सुभेदारीची आशा संपली.

घरी

काळा चष्मा लावून गावी आलो. अंगणात अनोळखी माणसं बसली होती. एक म्हातारा, डोळ्याला फडकं. एक तरुण बाई, मांडीवर तीन-चार वर्षांची पोरगी, तिचा डोळा चुरचुरत होता. आई लोट्याने चूळ भरत होती.

"हे कोण?" मी वर्षाला विचारलं.

"रोज येऊन राह्यले. मायनं आफ्रिकेचा किडा काढला, अर्धा डोक्टरनं काढला, असं झालं सगळ्या गावात. दुसऱ्या गावचेही येतात आता." ती खाली पाहत म्हणाली, "तुमीच नको म्हणाले सांगाले."

मी नको म्हणालो होतो. आईचं मन जपत होतो मी, आणि तिकडे लोक आपली लेकरं घेऊन रांगेत बसत होते. इतरांच्या मूर्खपणाला हसण्यात माझी हयात गेली. हा मूर्खपणा पूर्ण माझा होता.

आईने पोरीची पापणी धरली.

"माय, थांब."

"आला का बाप्पा? थांब, एवढी पोर पाहून घेतो."

मी चष्मा काढला आणि तिच्या समोर बसलो. "आधी हे पाह्य."

तिने पाहिलं. पोरीची पापणी सोडून तिने माझ्या हनुवटीला हात लावला आणि तोंड उजेडाकडे वळवलं. "फूल पडलं रे. किड्यानं केलं ना हे?"

"नाही. किड्यानं काही नाही केलं. हे तुह्या जिभेनं केलं."

आई रडली नाही, भांडली नाही, शपथाही घातल्या नाहीत. तिने पुन्हा एकदा डोळा पाहिला, अगदी जवळून, जसा ती कण शोधताना पाहते तसा.

"मंग इतके दिवस सांगतलं काऊन नाही मले?"

मी चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला. ती पोरीकडे वळली आणि त्या बाईला म्हणाली, "ने वं पोरीले बुलढाण्याले. दवाखान्यात ने. इथं बसू नको." म्हाताऱ्यालाही तेच सांगितलं. मग लोट्यातलं उरलेलं पाणी ओतून ती आत गेली.

त्यानंतर गावात आईकडे कुणी डोळा घेऊन येत नाही. आलं तर ती दारातूनच परत पाठवते. दाढही काढून आली, वर्षाला बरोबर घेऊन, मला न सांगता.

आणि तेव्हापासून ती माझ्याशी बोलताना तोंडावर पदर धरते. वाढताना बोलतच नाही. दोन-तीन वेळा मी पाहून न पाहिल्यासारखं केलं. मागच्या सुट्टीत राहवलं नाही. ती भाकरी घेऊन आली, पदर दातात धरलेला, मान बाजूला.

"माय, असं काऊन करून राह्यली तू? काई होत नाही आता."

तिने ताटात भाकरी ठेवली, दोन पावलं मागे सरली आणि पदराआडून म्हणाली, "दुसरा डोया हाये ना तुहा अजून."